शिरूरच्या डोंगरावरचा उजेड

मुलांनो, मी फौजेत नव्हते. माझे वडील, आबा, पलटणीतून सिग्नलचे हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सर्व्हेच्या तुकडीत लागले. पहिल्या महायुद्धाच्या आधी, एका फाल्गुनात, त्या तुकडीचा कॅम्प मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, बीड जिल्ह्यात चकलांब्याजवळच्या टेकडीवर होता. आई नव्हती, म्हणून मी आबांबरोबर असे. नोंदी लिहिणारा बाबू तापाने घरी गेला. मला मिशन शाळेचं इंग्रजी येत होतं. तुकडीच्या गोऱ्या कॅप्टनने कोनांची वही माझ्याकडे दिली. तीन आठवडे मी हुकुमाखाली होते. माझी नोकरी एवढीच.

काम पृथ्वीचं माप घेण्याचं होतं. ती किती मोठी, ध्रुवांपाशी किती चपटी. एका डोंगरावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून दूरच्या डोंगरांमधले कोन मोजायचे. ते डोंगर नेमके दिसावेत म्हणून तिथे एकेक खलाशी, म्हणजे सर्व्हेचा मजूर, हेलिओ घेऊन बसे. हेलिओ म्हणजे स्क्रूवर फिरणारा आरसा. त्याने ऊन आमच्याकडे फेकत राहायचं. सूर्य सरकतो, त्यामुळे आरसा दर मिनिटाला फिरवावा लागे. आमच्याकडून तीन लांब झोत मिळेपर्यंत जागा सोडायची नाही, असा नियम होता.

शिरूर कासारकडच्या डोंगरावर राणोजी होता, सोबत पाणी आणायला एक जोडीदार. सिरसाळ्याचा मेंढपाळ. निघताना त्याने आबांना विचारलं, "हवालदार, जमीन आरशानं कावून मोजत्यात?"

"गोल हाय का चपटी, ते बघाया."

"मग मला इचारायचं. मेंढरं कुटंबी सोडा, उताराला पळत्यात. तिरपी हाय."

आबा सहसा हसत नसत. तेव्हा हसले.

चौथ्या दिवशी सकाळी ६.४० ला राणोजीचा उजेड आला. दुपारी दोनला तो थरथरू लागला. उन्हात हवा थरथरतेच, कोणी मनावर घेतलं नाही. साडेतीनला हवा निवळली. बाकीच्या दोन डोंगरांवरचे उजेड टाचणीच्या डोक्यासारखे स्थिर झाले. राणोजीचा हलतच राहिला. ३.४२ ला तो तीनदा तुटला. तीन छोटे. म्हणजे बदली पाठवा.

आबा म्हणाले, "साहेब, आदमी बदली माँगता है."

कॅप्टनने दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. "और दो सेट. कल धूल आ जाएगी."

"साहेब, राणोजी ऐसे माँगनेवाला नहीं."

"हवालदार."

"जी, साहेब."

आबांनी थांबायचा सिग्नल दिला. राणोजीने उजेड पुन्हा धरला.

कॅप्टन आकडे सांगत होता, मी लिहीत होते. शेऱ्याच्या रकान्यात त्याने 'उजेड अस्थिर' लिहायला सांगितलं. मी लिहिलं. 'माणूस बदली मागतो' असंही लिहिता आलं असतं. मी अक्षर तेवढं नीट काढलं.

४.५० ला कोनांचे दोन्ही सेट संपले. आबांनी तीन लांब झोत दिले. पोच आली नाही. राणोजीचा उजेड हळूहळू एका बाजूला सरकला आणि नाहीसा झाला. सूर्य पुढे गेला होता. आरसा फिरला नव्हता.

आबांनी तट्टू मागून घेतलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. राणोजीचा जोडीदार पहाटे पाण्याला खाली उतरला होता, असं त्यांनी सांगितलं. पटकीच्या भीतीने पायथ्याच्या गावाने परक्याला विहिरीवर येऊ दिलं नाही. तो पुढच्या गावाला गेला आणि अंधार पडता वर आला. राणोजी आरशापाशी बसलेलाच होता. अंग तापलेल्या खडकाइतकंच गरम होतं. जीव नव्हता.

कॅप्टन वाईट माणूस नव्हता. ऐकताना टोपी काढून उभा राहिला. त्या दिवशी धूळही आली, त्याने सांगितल्याप्रमाणे.

पावसाळ्यात, कामावर परतलेल्या बाबूचं पत्र आलं. आकडेमोड करणाऱ्या कचेरीने त्या दुपारचे कोन रद्द केले होते. कारण म्हणून माझा शेरा दाखवला होता. मी पत्र आबांना वाचून दाखवलं.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे."



छापील अहवालात कॅप्टनचं नाव आहे, थिओडोलाइटचा नंबर आहे. तुम्ही शाळेत पृथ्वीची त्रिज्या पाठ कराल. त्या आकड्यात राणोजीचा त्या दुपारचा एकही कोन नाही. त्याच्या बायकोचं नाव साळू होतं. तो तिशीतला असावा. त्याचं वय कोणी लिहून ठेवलं नाही. वही माझ्याकडे होती.