चिझुरूचं बोट

चिझुरू इसुरुगी माझी शाळेपासूनची मैत्रीण. भुयारी स्टेशनावर काम करते. गाडी सुटताना पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "दार बंद, ठीक!" नजर चुकू नये म्हणून ही रीत. ती घरीही तेच करते. "गॅस बंद, ठीक!" आम्ही हसतो.

मंगळवारी दुपारी तिचा जेवणाचा डबा घेऊन मी फलाटावर उभी होते. पांढरी काठी टेकत ओनोदेरा आजोबा आले. ते एका दवाखान्यात मालिश करतात. दिसत नाही, ऐकूही कमी येतं. स्टेशनं बोटांवर मोजतात. रोज चिझुरूच त्यांना दवाखान्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवते.

"पोरी, आज बहिणीकडे. तिसरं स्टेशन. तिनं बटाट्याचं कालवण केलंय. अळणीच असणार."

"मग मीठ खिशात घेऊन जा की, आजोबा," चिझुरू म्हणाली.

तिनं त्यांना कोपर धरायला दिलं, चौथ्या डब्यात चढवलं. बोट रोखलं. "दार बंद, ठीक!" गाडी गेली.

मग बहिणीच्या स्टेशनाला फोन. आजोबांना उतरवून घ्यायला कुणी तरी उभं हवं.

"चौथा डबा, दुसरं दार," ती म्हणाली, आणि रिकाम्या रुळांकडे बघतच राहिली.

ती बाजू दवाखान्याची होती. बहीण उलट्या दिशेला. बोट सवयीनं रोजच्या गाडीकडे वळलं होतं.

या बाजूच्या तिसऱ्या स्टेशनावर फलाटाच्या कडेची, कुणी रुळांवर पडू नये म्हणून लावलेली दारं बदलायला काढली होती. आणि आजोबा उतरल्यावर त्याच दारांना हात लावत चालतात.

तिनं तिकडे फोन लावला. घंटा वाजत राहिली.

"उचला ना, मेल्यांनो!"

कुणी तरी उचलला.

"पांढरी काठी. चौथा डबा, दुसरं दार. पळा!"

फोनमधून धावणारे बूट ऐकू आले. मग गाडीची धडधड. मग काहीच नाही.

"बाही धरलीय," आवाज आला. धाप लागलेली. "कडेलाच होते. शिव्या देतायत."

चिझुरू मटकन खाली बसली. तिचे साहेब कुवाबारा म्हणाले, "ऊठ. त्यांना परत आणतायत. रडायचं ते नंतर."

आजोबा आले. चिझुरू कमरेत वाकली. वाकूनच राहिली.

"वाकली असशील तर सरळ हो. मला कुठे दिसतंय?"

"माझी चूक झाली, आजोबा. बोट केलं, पण बघितलं नाही."

"आपल्या दोघांत बघणारी तू एकटीच होतीस, पोरी."



समोरच्या बाजूची गाडी आली. आजोबांनी हात पुढे केला, कोपरासाठी. चिझुरूनं कोपर दिलं नाही. त्यांचं बोट हातात घेतलं आणि गाडीकडे रोखलं.

"बहिणीची गाडी."

"ठीक?" आजोबांनी विचारलं.

तिनं पाटी वाचली. गाडीकडे पाहिलं. पुन्हा पाटी वाचली. दार बंद व्हायची घंटा वाजायला लागली तरी ती वाचतच होती.

"ठीक," ती म्हणाली. इतक्या हळू, की त्यांना ऐकू गेलं नसावं. पण ते चढले.