चार कॉम्प्युटर आणि सेलूचं लग्न

शहाणपणा अंगलट कसा येतो हे ऐकायचं असेल, तर बसा माझ्यापाशी. चहा मात्र तुम्हीच करा, मी दमलेय.

लग्न होऊन वर्ध्याला आले, तेव्हा सासरच्या फोटो स्टुडिओत नुकताच डिजिटल कॅमेरा आला होता. कॉम्प्युटर एकच, तोही गच्च भरलेला. यांनी मोठा नवा घ्यायचं काढलं. मी पडले कॉम्प्युटरचा कोर्स केलेली! म्हटलं, कशाला? जुना एक स्वस्तात आणू, वायरने जोडू. जागा असेल तिथे फोटो ठेवू, काउंटरवरच्या एकाच कॉम्प्युटरवर सगळे दिसतील.

दोन जोडले. झकास चालले. यांना इतका हुरूप आला की आणखी दोन उचलून आणले. दुकानात जागा नाही, म्हणून चौथा गेला माडीवर, सासूबाईंच्या खोलीत.

तिथून माझे हाल सुरू. चारांतला एक बंद पडला की त्यातले फोटो गायब. आणि सासूबाई रोज तो बंद करायच्या.

"समोर कोणी बसून नाई, तं काऊन चालू ठेवाचा? लाइट फुकट येते का?"

नव्या सुनेनं काय समजावायचं? मी आपली जिना चढायची.

अशात सेलूचे एक काका लेकीच्या लग्नाचे फोटो निवडायला आले. हंगामातली पहिली मोठी ऑर्डर. बिनसलं तर अल्बम दुसऱ्या स्टुडिओत. हळद दिसली. वरात दिसली. लग्न मात्र माडीवर, आणि माडी बंद.

जिन्यातून सासूबाईंना विनवलं. त्यांनी कॉम्प्युटर लावला, खाली आल्या आणि चटणीसाठी मिक्सरही लावला. खट्! मेन स्विच पडला. पडदे लावलेल्या स्टुडिओत मिट्ट अंधार.

त्या अंधारात काका शांतपणे म्हणाले, "बाई, जावयाले बलावू का? लगन पुन्हा लावून देतो, तुमी पुन्हा काढा."

यांनी हातापाया पडून दुसऱ्या दिवसाचं कबूल करून घेतलं. घरात हुकूम सुटला: काका असेपर्यंत पंखे, इस्त्री, मिक्सर, काही लावायचं नाही.

काका आले. घाम पुसत एकूण एक फोटो पाहिला आणि अल्बमचं काम आम्हालाच दिलं. हे सारं जोडलं कोणी, असंही विचारलं म्हणे. सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं माझं नाव सांगितलं म्हणे.

'म्हणे' अशासाठी, की मी तिथे नव्हतेच. काकांच्या भज्यांसोबत चटणी हवी होती, आणि मिक्सर बंद. घरातली कॉम्प्युटरवाली सून मागच्या अंगणात पाट्यावर मिरच्या वाटत होती.