बाटलीत काही वाढलं नाही

डॉक्टर म्हणाले, "तोंड उघड." मला वाटलं जीभ बघतील. उघडलं. तर नाक जवळ आणून त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. अख्ख्या लॅबसमोर. दोन पोरी फिदीफिदी हसल्या.

त्या इस्पितळात मी बाटल्या नि सुया धुवायची. ब्रीझे वेर्दिएर या बेटावरच्या आमच्या उसाच्या गावाहून बसनं यायची. सुया बोटांत घुसायच्याच. रक्त पुसायचं, पुढची घ्यायची. ऐंशी सालच्या आसपास माझे डोळे पिवळे झाले. कावीळ.

तेव्हा दोनच जातीच्या काविळी तपासता यायच्या. माझी दोन्हींत बसेना. डॉक्टर गोऱ्या कातडीचे, साखर कारखानदाराच्या घरातले, फ्रान्सला शिकून आलेले. त्यांनी माझं रक्त बाटलीतल्या जिवंत पेशींवर घातलं. विषाणू असला तर बाटलीत वाढेल म्हणाले. मी रोज जाऊन बघायची. वाढू दे रे देवा, म्हणायची. स्वतःचाच रोग मागत होते मी! काही वाढलं नाही. पेशी ठणठणीत. बाटलीत नाही म्हणजे विषाणूच नाही, मग कावीळ दारूची, असा त्यांचा हिशेब.

"तू रम पितेस. मळ्यातले तुम्ही सगळेच पिता. कबूल कर, माफी माग, नोकरी ठेवतो."

माझा बाप रमपायी मेला. मी कधी थेंबाला शिवले नाही.

घरी नवरा म्हणाला, टाक की बोलून, तुझं काय जातंय? गणपतीत सासूनं मला मोदकांना हात लावू दिला नाही. डॉक्टर उगाच कशाला बोलेल, म्हणाली. गोऱ्याचं बोलणं गिळलं असतं. सासूचं हे गिळवेना. रात्रभर रडले.

सोमवारी डॉक्टरांपुढे उभी राहिले.

"मी पीत नाही. जे केलं नाही त्याची माफी मी मागणार नाही."

त्याच दिवशी मला काढलं. मग उसात गेले. दोन सऱ्या झाल्या की बसायची, मुकादम शिव्या घालायचा.

दहा वर्षं झाली. आता रेडिओवर सांगतात, काविळीचा नवा विषाणू सापडला. रक्तातून जातो, सुईतून जातो, नि बाटलीत वाढतच नाही. माझं यकृत दगड झालंय, पोटात पाणी भरतं. औषध नाही. सासू मला दारुडी समजूनच गेली.

परवा इस्पितळातून नर्स आली. नवी तपासणी निघालीय, तिथं काम केलेल्या जुन्या लोकांचं रक्त हवंय म्हणाली. मी म्हटलं, देते. पण आधी त्या डॉक्टरांनी इथं गावात येऊन, चार लोकांत सांगायचं, की ही बाई पीत नव्हती.

"ते कशाला येतील, मावशी? नि आता त्यानं तुम्हाला काय मिळणार?"

काही नाही. यकृत परत येणार नाही, नोकरी नाही, सासूही नाही. ते येणार नाहीत हेही मला ठाऊक आहे.

मी बाही खाली ओढली. ते येऊन बोलेपर्यंत या हातात त्यांची सुई जाणार नाही. मी मेले तरी नाही.