धंद्याचे किलोमीटर, घरचे किलोमीटर

डिलिव्हरीच्या व्हॅनमध्ये कचरा कसा साठतो बघा. पावत्या, रबरबँड, कुणाची तरी एकच चप्पल! आमचे किस्सेही तसेच साठलेत. साफ करायला वेळ कुणाला आहे?

आम्ही सिंगापूरचे काही मराठी लोक स्वतःच्या गाडीने माल पोचवतो आणि सकाळी सेंगकांगच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफीला जमतो. व्हॅन धंद्यासाठी जेवढी पळाली, तेवढाच तिचा खर्च टॅक्स भरताना उत्पन्नातून वजा होतो. म्हणून प्रत्येकाकडे एक वही असते. धंद्याचे किलोमीटर इकडे, घरचे तिकडे. सगळी गंमत त्या वहीत!

*

आमच्यातले ज्येष्ठ सावंतकाका. तीस वर्षं बोटीवर इंजिनियर. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा घरी बसायचं सोडून व्हॅन घेतली! काकू भयंकर चिडल्या. शेवटी करार झाला. पहिल्या वर्षी फायदा दिसला तर व्हॅन राहील, नाहीतर ती विकून मुकाट्याने चिपळूणला परत. चिपळूणचं नाव काढलं की काकांचा चेहरा पडतो.

"तिथे मी करू काय? नारळ मोजू?"

पहिल्या महिन्याची वही त्यांनी मला दाखवली. तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय, सगळं होतं. अंतर मात्र फारच कमी.

"काका, सेरंगूनला जाऊन येऊन एवढंच?"

"बरोबर आहे. नॉटिकल मैल आहेत."

मीटरवरचे किलोमीटर हा माणूस रोज कॅलक्युलेटर घेऊन नॉटिकल मैलांत बदलत होता! वर मलाच म्हणाले, "टॅक्सवाल्यांनाही कळू दे, लॉग कसा लिहितात!"

*

आमच्यातलीच प्रज्ञा घरी केक करते आणि स्वतःच पोचवते. नवरा पुण्याचा, आयटीत मॅनेजर. त्याने तिच्या किलोमीटरचं एक्सेल बनवलं. रंग काय, चार्ट काय, फ्लेवरप्रमाणे सरासरी अंतर काय! दहा महिने रोज एंट्री. मग प्रज्ञाला कळलं की तिची गाडी पडली साधी प्रायव्हेट कार, आणि इथे तसल्या कारचा खर्च धंद्यात धरतच नाहीत. एक किलोमीटरसुद्धा नाही!

तिने डोक्याला हात लावला. नवरा शांतपणे म्हणाला, "असू दे गं. डेटा तरी क्लीन आहे."

त्या आठवड्यात त्याला केकचा तुकडाही मिळाला नाही.

*

माझी मुलगी आर्या दहा वर्षांची आहे. तिला स्विमिंगला नेताना वाटेत मी एक पार्सल दिलं आणि सगळे किलोमीटर धंद्यात लिहिले. लगेच शेजारच्या सीटवरून सिंगापुरी इंग्रजीत आवाज, "पापा, धिस वन कॅनॉट ला!"

"का गं?"

"पार्सल टू मिनिट्स ओन्ली. माझा क्लास वन अवर! यू स्टूड देअर अँड वेव्ह्ड!"

मुकाट्याने घरच्या कॉलममध्ये लिहिले. खरं सांगू? तिथे उभं राहून हात हलवायला मला फार आवडतं.

*

आता गेल्या एप्रिलची गोष्ट. काकांचा टॅक्सचा फॉर्म भरायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. काकूंनी पोहे दिले आणि समोर बसून वही वाचायला घेतली. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढला.

"अहो, बुकित पंजांग. घरचं काम. महिन्यातून आठ वेळा! तिथे आपलं कोण राहतं?"

काका पोह्यांतले शेंगदाणे वेचू लागले.

"कोण आहे ती?"

"ती कसली! डिलिव्हरी होत्या गं सगळ्या," काका कसेबसे म्हणाले. "धंद्यात लिहिल्या असत्या तर खर्च वाढला असता. मग फायदा..."

आम्ही बाकीचे घरचे किलोमीटर धंद्यात कोंबायला धडपडतो, आणि हा माणूस वर्षभर धंद्याचे किलोमीटर घरात लपवत होता! मला हसू आलं.

"खोटं लिहायचं नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी पेन घेतलं, एकेक ओळ खोडून पुढे 'धंदा' लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. मी बेरीज केली. दोनदा केली. मोठा नाही, पण तोटाच होता.

मी आकडा सांगितला. काका खिडकीबाहेर बघत राहिले.

काकूंनी पेनाला टोपण लावलं. "उद्या पहिली डिलिव्हरी किती वाजता?"

"साडेसातला," काका पुटपुटले.

"कुठे?"

"बुकित पंजांगला."

"मीही येते. बघते तरी, कोण राहतं तिथे!"