खळग्यांसाठी पाव तास

माझी थोरली बहीण सायखेड्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. नदीचं काम हा तिचा लाडका धडा. पुराच्या पाण्यात गोटे कसे गरगर फिरतात, कातळ कसा पोखरला जातो आणि त्यात रांजणाएवढे खोल खळगे कसे तयार होतात, हे ती हातवारे करून सांगू लागली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची म्हणे. हे रांजणखळगे बघायला लांबलांबून लोक निघोजला येतात. निघोज नाशकाहून मोटारीने सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचावं एवढ्या अंतरावर. आणि ताईने ते कधी पाहिलेलंच नव्हतं.

याला कारण आमचं माहेर. मखमलाबादला आमची फुलशेती होती. झेंडू, शेवंती, गुलाब. फुलांना सुट्टी नसते, ती रोज तोडावी लागतात आणि उजाडायच्या आत बाजारात पोचवावी लागतात. शाळेच्या सहली निघायच्या, तेव्हा आम्ही दोघी ओल्या फडक्यात कळ्या गुंडाळत बसलेल्या असायचो. पुढे ताई नोकरीला लागली, मी लग्न होऊन नाशिकरोडला आले. तिने लग्न केलं नाही. तिचा वेळ शाळेने खाल्ला, माझा घराने.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीला एकदा मला आमच्या भागातल्या एका छोट्या ट्रॅव्हल्सच्या दुकानाबाहेर फळा दिसला. 'निघोज रांजणखळगे, एक दिवसाची सहल, मार्गदर्शकासह. चहा, नाश्ता, जेवण.' त्याखाली बारीक अक्षरांत 'व इतर स्थळे' असं होतं. त्या 'इतर'कडे मी लक्षच दिलं नाही. दोन जागा सांगून टाकल्या.

घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दगड बघायला जायचं?"

"सहल आहे आई. ताईला फार वर्षांपासून बघायचंय. दिवे लागायच्या आत परत येते."

"बघ बाई. मुलीचा अभ्यास कोण घेणार?"

यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "जाऊ दे गं एक दिवस." माझी परवानगी झाली ती अशी.

ताई आदल्या संध्याकाळीच आली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला मोठी पर्स, पर्समध्ये मोजपट्टी. "मोजपट्टी कशाला?" मी विचारलं. "खळग्याचा व्यास मोजायला," ती म्हणाली. विनोद करत नव्हती.

गाडी वेळेवर सुटली, एवढंच त्या दिवशी वेळेवर झालं. सहलीचा मार्गदर्शक म्हणजे एक गुटगुटीत तरुण. गळ्यात शिट्टी, हातात माइक. सिन्नर येईपर्यंत त्याने सगळ्यांना 'काका, काकू, मावशी' करून टाकलं आणि अंताक्षरी सुरू केली. आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. माइकचा भोंगा बरोबर आमच्या डोक्यावर. ताईने दोनदा आवाज कमी करायला सांगितला. त्याने दोन्ही वेळा "हो मॅडम" म्हणून मान डोलावली आणि आवाज होता तसाच ठेवला.

संगमनेरला नाश्ता झाला. पुढे चंदनापुरीचा घाट चढल्यावर गाडी एका पत्र्याच्या शेडपाशी थांबली. मला वाटलं, पंक्चर. तर ते वनौषधींचं दुकान निघालं. आत सतरंज्या अंथरून ठेवलेल्या. पांढऱ्या कोटातल्या एका माणसाने आम्हाला बसवलं आणि गुडघेदुखीच्या तेलावर व्याख्यान दिलं. ते संपेना. लोक बाटल्या हुंगत होते, एकमेकांच्या मनगटांना चोळत होते. ताई उठून दारात उभी राहिली आणि घड्याळाकडे बघू लागली. तास संपायची घंटा झाली तरी न हटणाऱ्या मास्तरांकडे ती अशीच बघत असणार.

"हे कार्यक्रमात होतं का?" तिने मार्गदर्शकाला विचारलं.

"मॅडम, इतर स्थळे," तो म्हणाला.

त्यानंतर इतर स्थळांना ऊत आला. एका ओळखीच्या ढाब्यावर जेवण. तिथे आमच्या आधी दुसरी सहल बसलेली, म्हणून थांबा. मग ओझरचा गणपती, तिथे मोठी रांग. मला देवाचं वावडं नाही, मी हात जोडले. पण रांगेत उभी असताना मी सारखी घड्याळ बघत होते. ऊन कललं होतं आणि निघोज अजून लांब होतं. ताई रांगेत शिरलीच नाही. एकटी गाडीत बसून राहिली.

ओझरहून निघाल्यावर तिने उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता तरी सरळ निघोज ना?"

मार्गदर्शक माइकवर म्हणाला, "मंडळी, आपल्याला संध्याकाळी रांजणगावच्या गणपतीची आरती गाठायचीय. त्यामुळे निघोजला फक्त पाव तास. चालेल ना?"

"चालेल!" मागून मोठा आवाज उठला.

"अहो, पण सहल निघोजची आहे!" ताई म्हणाली.

तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या. जाडजूड, हसऱ्या, मांडीवर तेलाच्या चार बाटल्या. म्हणाल्या, "बाई, खड्डेच बघायचे तर आपल्या नाशकातले काय कमी आहेत?"

अख्खी गाडी हसली. ड्रायव्हरसुद्धा. मीही ओठ दाबून हसू आवरलं, पण ताईला ते दिसलं. ती खाली बसली आणि खिडकीकडे तोंड करून राहिली. मला दोन्हीकडून राग येत होता. गाडीतल्या लोकांचा येत होता आणि तिचाही. एक दिवस कुठे बाहेर पडावं तर तिथेही शाळा.

निघोज गाव मागे टाकून गाडी नदीकडे उतरली. देवीचं देऊळ, नारळाची दुकानं, आणि पलीकडे कुकडी. आधी मला काही कळलंच नाही. काळा कातळ लांबवर पसरलेला, एवढंच. मग कडेला गेलो आणि पायांखालची जमीनच जणू उकळता उकळता गोठलेली दिसली. खळग्याला खळगा लागलेला. काही परातीएवढे, काही विहिरीसारखे खोल. दोन खळग्यांमधली भिंत झिजून कुठे खिडकी पडलेली, कुठे नुसती काळी कमान उरलेली. कडा मात्र घासूनपुसून ठेवलेल्या पितळी भांड्यासारख्या गुळगुळीत. मधल्या खोल घळीत हिरवं पाणी उभं होतं.

ताईने बूट काढले आणि अनवाणी पायाने कातळ चाचपू लागली.

मार्गदर्शक देवळाच्या पायरीवर उभा राहून देवीची कथा सांगत होता. खळगे कसे झाले यावर तो म्हणाला, "हा सगळा निसर्गाचा चमत्कार आहे. फोटो काढून घ्या." लोकांनी फोटो काढले, नारळ फोडले, शेंगदाणे घेतले. आणि शिट्टी वाजली.

"ताई, चल," मी म्हणाले.

ती एका खळग्याच्या काठावर पोटावर झोपून आत हात घालत होती. "थांब जरा. तळाशी गोटे असतात. ज्यांनी हे कोरलं तेच गोटे. मुलांना इतकी वर्षं सांगतेय मी."

शिट्टी पुन्हा वाजली. मार्गदर्शक खाली आला. "मॅडम, तुमच्यामुळे सगळ्यांची आरती चुकेल."

ताई उठून बसली. पंजाबी ड्रेसला शेवाळ लागलेलं. शांतपणे म्हणाली, "मग जा तुम्ही. मी येत नाही."

"असं कसं मॅडम? जबाबदारी आहे आमची."

"दगड दाखवायचीही होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. वर गाडीचं इंजिन सुरू झालेलं, खिडक्यांतून डोकी बाहेर. माझ्या डोळ्यांपुढे आमचं स्वयंपाकघर आलं, न झालेल्या पोळ्या आल्या, सासूबाईंचा चेहरा आला. "ताई, वेडेपणा करू नकोस," मी दबक्या आवाजात म्हणाले. "मला घरी वेळेत पोचायचंय. तुला माहितीये."

"तू जा ना. मी येईन कशीही."

परक्या गावात, नदीकाठी, दिवस कलताना, एकटी बहीण. कशी जाणार मी? मी मार्गदर्शकाला म्हणाले, "तुम्ही निघा." तो हात झटकत निघून गेला. गाडी धूळ उडवत चढावर दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे मला आठवलं, आमचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या होत्या.

मी इतकी संतापले होते की थोडा वेळ मला समोरचं काही दिसलं नाही. देवळाजवळच्या एका दुकानात फोन होता. मी घरी लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, उशीर होईल. गाडी... गाडी सुटली आमची."

"सुटली म्हणजे? तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. दगडांपाशी."

मग त्या म्हणाल्या, "देवदर्शन तरी झालं का?"

"एक झालं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ मला पक्का माहीत होता.

परत आले तर ताई दुसऱ्या खळग्यापाशी होती. "माझा हात पोचत नाही," ती म्हणाली. "तुझा लांब आहे. बघ ना जरा."

मी पदर खोचला आणि आडवी झाले. खांद्यापर्यंत हात त्या गार, बुळबुळीत पाण्यात घातला. बोटांना काहीतरी लागलं. ओढून काढलं तर चप्पल. लहान मुलाची, निळी, बंद तुटलेली. पुन्हा हात घातला तर नारळाची करवंटी आणि वेफर्सची पिशवी. ताईचा चेहरा असा उतरला की मला तिची कीव आली आणि चीडही आली.

"हे शिकवतेस का मुलांना?" मी म्हणाले.

ती काठाकाठाने वर चढत गेली, जिथे फक्त मोठ्या पुरातच पाणी येत असणार. मी मागे. तिथले खळगे कोरडे होते. एकात ती कमरेइतकी उतरली, वाकली आणि मग वर पाहिलं. दोन्ही हातांत गोटे होते. काळे, अंड्यासारखे, सगळीकडून सारखे गुळगुळीत. तिने एक माझ्या तळहातावर ठेवला. उन्हाने तापलेला होता आणि वाटला त्याहून जड होता. ती भिंतीवरून बोटं फिरवत होती, वरून खाली, गोल गोल. तिने मोजपट्टी काढली, मोजलं, आणि पुन्हा मोजलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मी सांगते ते सगळं बरोबर आहे गं."

मला ते आवडलं होतं, आणि आवडलं होतं याचाही राग येत होता.

निघताना तिने तीन गोटे पर्समध्ये टाकले. मी म्हटलं, बंद तुटेल. तिने ऐकलं नाही. अळकुटीकडे जाणारी जीप उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "सीट भरल्याबिगर नाय निघायचो, बाई." सीट भरेपर्यंत अंधारून आलं. जीपमध्ये आम्ही मेंढरांसारखे कोंबलेले, आणि अळकुटीच्या अलीकडे एका खड्ड्यात जीप आदळली तसा पर्सचा बंद तुटला. गोटे सगळ्यांच्या पायांत घरंगळले. एका म्हाताऱ्या बाबांच्या अंगठ्यावर एक पडला. ते कळवळले, मग तो उचलून बघत म्हणाले, "धोंडे कशाला घिऊन चालल्या, बाई?"

"शाळेत दाखवायला."

"तिकडं धोंडे नाय का?"

या वेळी जीपमधलं कोणी हसलं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ताई तोंड उघडणार तेवढ्यात मी तिचा दंड दाबला. "ताई, आता नको."

आळेफाट्याला पुण्याहून आलेली एसटी मिळाली. उभं राहूनच यावं लागलं. सिन्नर मागे पडलं. मग मी म्हणाले, "तुझ्या एका हट्टापायी मला आठवडाभर ऐकून घ्यावं लागणार आहे."

"मी तुला धरून ठेवलं नव्हतं," ती म्हणाली. "तुला गाडीत बसायचं असतं तर तू बसली असतीस."

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. वरचा दांडा धरून जास्तच चरफडत उभी राहिले.

घरी यांनी दार उघडलं. यांनीच खिचडी लावली होती, खालून करपलेली. मुलगी झोपली होती. सासूबाई जाग्या होत्या, पण त्यांनी कूस बदलली. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहूनच जेवलो. माझ्या बाहीला खळग्यातल्या पाण्याचा वास येत होता.

सकाळी ताई पहिल्या गाडीने सायखेड्याला गेली. जाताना दोन गोटे नेले आणि एक माझ्या मुलीच्या हातात दिला. दुपारी शेजारच्या काकू आल्या तेव्हा सासूबाई त्यांना सांगत होत्या, "काल आमची सून धोंडे बघायला गेली होती. गणपती सोडून." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत होते. मुलगी कॉटखाली बसून तो गोटा फरशीवर गरगर फिरवत होती. त्याचा आवाज असा कर्कश होता की सासूबाईंनी दोनदा ओरडून सांगितलं, "बंद कर ते."

मी काही तिला थांबवलं नाही.