मागच्या सीटवरून लोणी काळभोर

मार्केट यार्डच्या चौकात सकाळी आठ वाजता जो स्वतःहून गाडी घालतो, त्याला पुण्यात कोणी सहानुभूती दाखवत नाही. मी घातली. कोथरूडहून लोणी काळभोरला निघालो होतो आणि खणलेला रस्ता टाळता टाळता कांद्याच्या ट्रकांमध्ये येऊन अडकलो. एका हमालाने खिडकीत वाकून विचारलं, "काका, घ्यायचंय का विकायचंय?"

"तेच ठरवायला निघालोय," मी म्हणालो.

मी गाडीबद्दल बोलत होतो. माझ्या चौदा वर्षांच्या एसयूव्हीच्या मागच्या दोन्ही शॉकअपमधून (चाकांना बसणारे हादरे गिळणारी नळकांडी) तेल गळत होतं. सोसायटीत सगळ्यांचं एकच मत पडलं, या वयात दुरुस्ती कसली करता, विकून टाका. वय कोणाचं, ते मी विचारलं नाही.

पण गाडी घेतली होती ताईसाठी. ताई म्हणजे माझी नऊ वर्षांनी मोठी बहीण, येरवड्याला राहते. दर जानेवारीत आम्ही दोघं कोकणात, समुद्राकाठच्या हर्णैला आमच्या आजोळी जायचो. मागची अख्खी सीट तिची. पाठीला उशी, पायांवर शाल. मोठ्यांना असं ऐसपैस बसवायचं ही आमच्या घरची रीत. टोलनाक्यावर लोक मला तिचा ड्रायव्हर समजायचे आणि मला ते आवडायचं. गेली दोन वर्षं मात्र ती येत नव्हती. "आता नको रे, तू जाऊन ये," एवढंच म्हणायची. माझंच काही बोलणं लागलं असेल, असं समजून मी गप्प बसलो. एकटा गेलो नाही. जानेवारी आला की जीव नुसता तुटायचा. ती येणार नसेल, तर गाडी ठेवायची कशाला?

हडपसर ओलांडल्यावर रस्ता थोडा मोकळा झाला. लोणीच्या अलीकडे एका टपरीवर गरम कांदाभजी खाल्ली, चहाचा अर्धा कप शर्टावर सांडला, आणि त्याच अवतारात गॅरेजमध्ये पोचलो.

संपतराव मिस्त्री साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी गाडीचा मागचा भाग दाबून सोडला. गाडी होडीसारखी डुलत राहिली. मग खाली वाकून बघितलं.

"गळती नवी न्हाई. तेलावर माती बसून दगड झालाय. दोन-अडीच वर्षं तरी झाली."

"मला तर कधी जाणवलं नाही."

"तुमी पुढं बसता. आता मागं बसा, मी चालवतो."

ही त्यांची पद्धतच होती. मालकाला मागे बसवून फिरवल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो. कालव्याकडेचा रस्ता, एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला झेंडू. पहिल्याच गतिरोधकाला माझा चष्मा उडाला. दुसऱ्याला कमरेत कळ आली. मी दारावरची कडी पकडली, तर ती एका स्क्रूवर लोंबत होती. ताईने ती किती वेळा, किती घट्ट धरली असेल! मला रडू आलं.

"मागं कोण बसतं?" संपतरावांनी आरशातून विचारलं.

"बहीण. त्र्याहत्तर वर्षांची."

त्यांनी वेग कमी केला. "एकटे शहरात हळू फिरणार आसाल, तर चालंल थोडे दिवस. त्या बसणार आसतील, तर दोन्ही बदला."

"दोन्ही बदला," मी म्हणालो. ती येईल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

दुपारनंतर मुंढव्यावरून येरवड्याला गेलो. ताई गॅलरीत मेथी निवडत होती.

"ताई, गाडी आपटते हे सांगितलं का नाहीस?"

"एवढी उशी लावायचास, शाल घालायचास. त्यावर आपटते म्हणू?" तिने मेथीतून मान वर केली नाही. "तुझ्या कौतुकापायी माझा मणका गेला."

"शॉकअप नवे टाकलेत. जानेवारीत निघू या?"

"डॉक्टरांनी घाट बंद केलाय. हर्णै आता माझ्याच्याने होणार नाही, बंड्या."

मी समोरची मेथी निवडायला घेतली. तीच उठली, चपला घातल्या. "चल, जवळच कुठेतरी ने."

खाली येऊन मी सवयीने मागचं दार उघडलं. ती पुढच्या दाराशी उभी राहिली.

"इथे बसते. बारा वर्षं समुद्र आधी तुलाच दिसला. 'आला, आला' म्हणून ओरडायचास, आणि मला दिसायचं तुझं टक्कल."

मी निमूटपणे तिचा पट्टा लावून दिला. हर्णैची हुरहूर गेली नाही, जाणारही नाही. नदीच्या पुलाकडे गाडी वळवली आणि तोंड घट्ट मिटून ठेवलं.

"आली बघ नदी," ताई म्हणाली.