तिरकं पाणी

त्याचं कागदोपत्री नाव हजेरीच्या वहीलाच काय ते ठाऊक होतं. बाकी सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. दोरीच्या टोकाला वजन बांधून, ती वरून सोडून भिंत किंवा चौकट सरळ उभी आहे का ते बघतात, तो ओळंबा. या माणसाला ती दोरी लागत नसे. दाराची चौकट भिंतीत उभी केली की चार पावलं मागे सरायचं, डावा डोळा मिटायचा, “वरून एक सूत उजवीकडे” म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मग कुणी हौसेने दोरी सोडून बघितलीच, तर दोरीही तेच सांगायची. बत्तीस वर्षं कौतुक ऐकलेल्या माणसाला जेवढा ताठा असतो तेवढा त्याला होता. जरा जास्तच होता म्हणा.

सुतारी कारखान्याच्या मालकाने एकदा खूश होऊन त्याला पाणसळ भेट दिली होती. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की फळी सपाट, तसली, चांगली हातभर लांब. ती घरी आतल्या खोलीतल्या कपाटावर वेष्टनासकट पडून होती. बायको झाडताना ती उचलायची, पुसायची आणि परत ठेवायची.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी अंथरुणातून उठताना घर त्याच्याभोवती गरगर फिरलं. दोन दिवस तो पडून राहिला, बायकोला पित्त झालंय म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेला. चक्कर पुन्हा आली नाही. उंबरठा ओलांडताना हात आपोआप भिंतीकडे जायचा, एवढंच. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. स्वतःलासुद्धा नाही.

पुढच्या तीन महिन्यांत कारखान्यात तीन घरांतून तक्रारी आल्या. दारं उघडी ठेवली की आपोआप लागतात, लावली की फटीतून उजेड येतो, चौकटीच तिरक्या बसल्यात. मालकाने विचारलं तेव्हा ओळंब्याने सांगितलं, “मी बघून गेलो तेव्हा सरळ होत्या. नंतर पाचरा ठोकताना यानेच हलवल्या असतील.” हा म्हणजे लांब्या. उंचीमुळे नाव पडलेला, वीस वर्षं बरोबर काम करणारा जोडीदार. लांब्याने ओळंब्याकडे एकदा बघितलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. मालकाने त्याला घरी बसवलं. ओळंब्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला, पण माणसाचं लक्ष उडालं की असंच होतं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

अशात मुलगी माशांची टाकी घेऊन आली. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. तिथे डागडुजी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या खोलीतली चार फुटी टाकी तिला देऊन टाकली. मासे महिनाभर डॉक्टरीणबाईंकडेच राहणार होते. मुलगी म्हणाली, “बाबा, बाजारात तयार स्टँड मिळतात.”

“माझ्या घरात बाजारचं स्टँड?” तो म्हणाला. झालं, विषय संपला.

काम मात्र त्याने डोळ्यांत तेल घालून केलं. पाणी, काच, खडी मिळून साडेतीनशे किलो भरणार होतं, म्हणजे पाच धडधाकट माणसं टाकीखालच्या कपाटावर कायमची उभी राहणार. त्याने पाण्याला न फुगणारा जाड प्लाय आणला. वजन स्क्रूंवर न येता खांबांवरून सरळ जमिनीत उतरावं म्हणून चारही कोपऱ्यांत आणि मध्ये उभे खांब दिले. पाठीमागे अख्खी फळी मारली, म्हणजे कपाट बाजूला लचकणार नाही. कोपरे काटकोनात आहेत का ते गुण्याने तपासले, दरवाजे बसवले, तीन हात पॉलिश दिलं. असं कपाट बाजारात शोधून सापडलं नसतं.

मग ते भिंतीशी ठेवलं. ओळंबा चार पावलं मागे सरला, डावा डोळा मिटला.

“डावीकडून वर आहे.”

“मला तर बरोबर वाटतंय,” मुलगी म्हणाली.

“तुला वाटून काय होतंय? ही फरशीच तिकडे उंच आहे.”

कपाट आडवं करून त्याने डावीकडचे पाय तासले. पुन्हा ठेवलं, पुन्हा तासले. तिसऱ्यांदा कपाट आडवं केलं तेव्हा मुलगी चाचरत म्हणाली, “ती पाणसळ एकदा लावून बघू का?”

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “ती आहे तिथेच राहू दे. शोभेची आहे.” बायको दारात उभी होती.  गेल्या चार महिन्यांत त्याने केलेल्या दोन्ही स्टुलांच्या एकेका पायाखाली तिने पुठ्ठ्याची घडी सरकवली होती, आणि त्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

रविवारी दुपारी बाजूच्या घरातल्यांना हाताशी घेऊन टाकी वर चढवली. मुलगी नळी लावून पाणी सोडत राहिली. ओळंबा समोर खुर्ची टाकून यजमानासारखा बसला होता. पाणी निम्म्यावर आलं तेव्हा तो पुढे वाकला. टाकीची कड सरळ होती, कपाट सरळ होतं, आणि पाणी डावीकडे चढलं होतं.

“नळी बंद कर,” तो म्हणाला.

पाणी हलायचं थांबलं, तरी तिरकंच राहिलं. डावीकडे काठापर्यंतचं अंतर उजवीकडच्यापेक्षा बोटभर कमी.

“काच चुकीची कापलीय. दवाखान्यात कुणाच्या लक्षात आलं नाही.”

मुलीने टेप लावून दोन्ही बाजूंच्या काचा मोजल्या. सारख्या होत्या. तोवर बायकोने आतल्या कपाटावरून पाणसळ काढली, वेष्टन फाडलं आणि ती टाकीच्या खाली फळीच्या कडेवर ठेवली. बुडबुडा सरसर उजवीकडे गेला आणि टोकाला जाऊन थांबला.

ओळंबा खुर्चीतून उठून टाकीजवळ आला. काच खोटी असेल, फरशी खोटी असेल, पाणसळसुद्धा खोटी निघेल, पण टाकीभर पाणी? ते तिरकं कसं राहील? आणि तरी त्याला ते तिरकंच दिसत होतं. त्याने डावा डोळा मिटून बघितलं, मग उजवा, मग दोन्ही उघडून. पाणी तिरकं. म्हणजे घरात सरळ असलेली एकच गोष्ट त्याला तिरकी दिसत होती.

आणि मग त्याला ती तीन दारं आठवली. चौकटीचा खालचा भाग धरून वाकलेला लांब्या आठवला. “मिस्त्री, एकदा दोरी सोडून बघू का?” त्याने विचारलं होतं. चार माणसांत ओळंब्याने त्याला झापलं होतं: “वीस वर्षं माझ्याबरोबर काढलीस आणि आता मला दोरी दाखवतोस?”

“अगं,” तो बायकोला म्हणाला, “ते पित्त नव्हतं.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “टाकी आधी रिकामी करू, नाहीतर काच जाईल.”

सोमवारी मुलगी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, ती बिघडली होती. थोडं सुधारेल, डॉक्टर म्हणाले, सगळं सुधारेल असं नाही. तिथून तो घरी न जाता कारखान्यात गेला आणि सगळ्यांसमोर मालकाला सांगितलं की त्या चौकटी लांब्याने हलवल्या नव्हत्या, आपणच तशा बसवायला लावल्या आणि मग त्याचं नाव घेतलं. मालकाने हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, “त्याला बोलावतो. तुम्ही आता चौकटींना हात लावू नका, मिस्त्री. पॉलिशकडे बसा.” मालक चांगल्या आवाजात बोलला, म्हणून ते जास्तच लागलं.

लांब्याच्या घरी तो पायऱ्या चढताना कठड्याला धरून गेला. लांब्याने दार उघडलं, आत ये म्हणाला नाही. ओळंब्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

“तुला कळलं होतं ना?” त्याने विचारलं.

“पहिल्या चौकटीलाच.”

“मग मालकासमोर बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही बोलाल,” लांब्या म्हणाला. “महिनाभर वाट बघितली.”

  ओळंबा म्हणाला, “घरी टाकीचं कपाट आहे. पाय मी बिघडवलेत. तू नीट करून देशील का? नाही म्हणालास तरी चालेल.”

लांब्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण पुढच्या रविवारी तो पिशवी घेऊन आला. चहा नको म्हणाला. कपाट आडवं करून त्याने तासलेल्या पायांना खालून लाकडाच्या चकत्या चिकटवल्या, घासून सारख्या केल्या आणि कपाट उभं केलं. मग पिशवीतून ओळंबा काढला आणि दोरीचं वरचं टोक मिस्त्रींच्या हातात दिलं.

“धरा.”

ओळंब्याने दोरी कपाटाच्या कोपऱ्याशी धरली. वजन थोडं झुललं आणि थांबलं. त्याला दोरी उजवीकडे कललेली दिसत होती, कपाटही तिच्याबरोबर कललेलं. डावा डोळा मिटायला जाणारी पापणी त्याने आवरली.

लांब्या खाली बसून बघत होता. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, “सरळ आहे का, मिस्त्री?”

 ओळंब्याने दोरी बोटांत नीट धरली तसं खालचं वजन हललं. ते पुन्हा थांबेपर्यंत तो थांबला.

“तू सांग,” तो म्हणाला.